तपासलं, पण वाचलं का?

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने तिची निबंधाची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. विषय होता ‘दिवाळीची सुट्टी’. हा तिचा दुसरा खर्डा. पहिल्यावर मी शेरा दिला होता आणि त्यानुसार तिने निबंध पुन्हा लिहून आणला होता. अक्षर नीटनेटकं, शुद्धलेखन जवळजवळ बिनचूक. अंगणात रांगोळी होती, दारात आकाशकंदील होता, आईच्या हातच्या करंज्या होत्या, नवे कपडे होते. शेवटी, दिवाळी हा प्रकाशाचा सण असल्यामुळे आपण अज्ञानाचा अंधार दूर केला पाहिजे, असं वाक्य होतं. दहापैकी आठ गुण सहज द्यावेत असा निबंध.

मी सहज मागचं पान उलटलं. तिथे पहिला खर्डा होता, सहा-सात ओळींचा.

“दिवाळी झाली की आमच्याकडे ट्रक येतो. ट्रकात आई बाबा दादा आणि शेळी जाते. भांडी पण जातात. मी आणि आजी जात नाही. आजीला नीट दिसत नाही म्हणून सकाळची भाकर मी करते. मग उन्हाळ्याच्या आधी ट्रक परत येतो. तेव्हा दिवाळी नसते.”

त्याखाली लाल शाईत, माझ्या अक्षरात, माझ्या सहीसकट लिहिलेलं होतं: “छान प्रयत्न! विषयाला धरून लिही. सणाचा आनंद अधिक खुलवता येईल. फराळ, रांगोळी, आकाशकंदील यांचं वर्णन कर. शेवटी सणाचा संदेश दे.”

मी तिला विचारलं, “ट्रक कुठे गेला गं?”

तिला वाटलं, मी खऱ्या ट्रकबद्दल विचारतेय. “कर्नाटकात,” ती म्हणाली.

“निबंधातला ट्रक?”

“तुमीच तर लिवलं व्हतं मॅडम, आनंद लिही म्हून.”

तो शेरा मी लिहिला नव्हता, फक्त उतरवला होता. तो एका चॅटबॉटने सुचवला होता. आणि त्या दिवसापर्यंत तिचा पहिला खर्डा मी वाचलेलाच नव्हता.

*

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मराठी शिकवते. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. कारखान्यांचा हंगाम संपला की साधारण मार्च-एप्रिलमध्ये माणसं परत येतात. काही मुलं आईबापांबरोबर जातात आणि शाळेच्या पटावर नुसती नावापुरती उरतात. काही हंगामी वसतिगृहात राहतात. काही आजी-आजोबांजवळ.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच की, या वर्गातल्या या मुलीच्या घरी ट्रक येऊन गेलाय आणि सकाळची भाकर ती करते.

आमची शाळा सकाळच्या सत्रात, सव्वासातला भरते. उशिरा येणाऱ्या मुलांना मी वर्गाच्या दाराशी उभं करायचे. दिवाळीनंतर ही मुलगी आठवड्यातले तीन-चार दिवस दाराशी उभी असायची. कारण विचारलं की खाली बघायची. तोंडी सांगता येत नव्हतं ते तिने लिहून दिलं होतं. मी त्याखाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला दाराशी उभं केलं.

शाळेत शिक्षकांनी एआय वापरावं का, आणि वापरायचं तर कसं, हा प्रश्न हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात निघतो. तिथे पीपीटी असते, प्रॉम्प्टची यादी असते, ‘वेळेची बचत’ नावाची एक स्लाइड असते. मला या प्रश्नाकडे त्या दारातून बघावं लागलं.

*

मी तिथवर कशी पोचले, ते आधी सांगते. माझ्याकडे तीन तुकड्या आहेत, मिळून १६४ मुलं. महिन्याला एक निबंध. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी आठ तासांहून अधिक वेळ होतो. शिवाय शाळेतलं दुसरं काम संपत नाही: पोर्टलवर माहिती भरा, अमुक दिन साजरा केल्याचे फोटो ग्रुपवर टाका, अहवाल आजच्या आज पाठवा. निबंधाच्या वह्या रात्री जेवणानंतर उघडायच्या आणि ऐंशीव्या वहीपाशी डोळे मिटायला लागायचे.

तेव्हा काय व्हायचं? बरोबरची खूण, तारीख, ‘तपासले’, सही. तुमच्याही जुन्या वह्या घरी माळ्यावर असतील तर काढून बघा. ही सही तुम्हाला पानोपानी सापडेल.

सगळं खापर यंत्रावर फोडणं मला जमणार नाही, ते यामुळेच. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून त्याच्याबद्दल ‘वर्णनात्मक नोंदी’ लिहायच्या, ही त्यातली फार चांगली कल्पना होती. झालं काय, तर तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग पीडीएफ आल्या, मग त्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘वर्गातील उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’, ‘इतरांना मदत करते’, ‘शब्दांचे उच्चार स्पष्ट करतो’. पटावरच्या पहिल्या पाच मुलांना पहिली नोंद, पुढच्या पाचांना दुसरी. कित्येक मुलांचं प्रगतिपुस्तक असं भरलं गेलंय. मीही भरलंय. त्याला वीज लागली नव्हती.

म्हणून चॅटबॉट आला तेव्हा मला तो प्रगतीच वाटला. मुलाच्या पानाचा फोटो काढायचा, “सातवीच्या निबंधावर तीन ओळींचा शेरा दे, परीक्षेच्या दृष्टीने सुधारणा सुचव” असं सांगायचं, उत्तर वहीत उतरवायचं. वहीमागे मिनिटभर. शेरा निदान त्या मुलाच्या निबंधावरच असायचा, पीडीएफमधला नसायचा. दोन महिने मी स्वतःवर खूश होते. एका पालकांनी तर येऊन सांगितलं, “मॅडम, तुम्ही किती बारकाईनं तपासता.” मी ते कौतुक ठेवून घेतलं.

*

त्या नोव्हेंबरनंतर स्टाफरूममध्ये मी हा प्रकार सांगितला. आमचे विज्ञानाचे सर स्पष्ट बोलणारे आहेत. ते म्हणाले, “मॅडम, आधी तुम्ही काय लिहीत होता? टिक आणि सही. आता पोराला तीन ओळी मिळतात. शून्यापेक्षा तीन बऱ्याच की. आणि खरं सांगू का, वह्या मनापासून वाचायच्या ही तुमची हौस वीस पटाच्या शाळेत शोभते.”

मी बराच काळ यावर विचार केला, कारण त्यात बरंच खरं आहे. यंत्र एकशेचाळिसाव्या वहीला कंटाळत नाही. सुंदर अक्षराला ते नकळत एक गुण जास्त देत नाही, मी देते. शहरातल्या मुलाला शाळेबाहेर शिकवणी आहे, इंग्रजी बोलणारे आईवडील आहेत. आमच्या मुलांच्या वहीकडे बघणारं दुसरं कुणी नाही. अशा मुलाला यंत्राकडून का होईना ऱ्हस्व-दीर्घ कळलं, परिच्छेद पाडायला जमलं, तर ते मी कोणत्या तोंडाने नाकारू?

माझं पहिलं उत्तर अगदी सोपं होतं: यंत्राला भावना कळत नाहीत, म्हणून त्याने ट्रक पाहिला नाही. हे वाक्य फार दिलासा देतं. तुम्हीही ते कुठेतरी ऐकलं असेल. खात्री करायला म्हणून मी त्याच रात्री तिचा पहिला खर्डा पुन्हा त्याच चॅटबॉटला दिला. या वेळी प्रश्न बदलला: “या मुलीला काय सांगायचं आहे?”

त्याने सगळं सांगितलं. हे कुटुंब हंगामी स्थलांतर करत असावं, मुलगी मागे राहिलेली आहे, तिच्यावर घरकामाची आणि आजीची जबाबदारी आहे, सण तिच्यासाठी ताटातुटीशी जोडलेला आहे. ‘भांडी पण जातात’ या वाक्यातून घर रिकामं झाल्याचं जाणवतं, हेही त्याने लिहिलं. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. शेवटी, शिक्षकाने मुलीशी एकट्यात बोलावं, अशी सूचनाही होती.

म्हणजे माझा दिलासा गेला. मी परीक्षेच्या दृष्टीने विचारलं होतं, त्याने परीक्षेच्या दृष्टीने उत्तर दिलं होतं. चूक प्रश्नाची होती आणि प्रश्न माझा होता.

मग मी उलट कल्पना करून बघितली. समजा, मी पहिल्याच वेळी चांगला प्रश्न विचारला असता. यंत्राने सुंदर शेरा दिला असता: “तू खूप खरं लिहिलं आहेस. आजीची काळजी घेतेस याचं कौतुक वाटतं.” नेहमीच्या सवयीने, डोकं बाजूला ठेवून मी तो उतरवला असता, सही केली असती. दुसऱ्या दिवशी साडेसातला ती धावत आली असती. आणि मी तिला दाराशी उभं केलं असतं.

तिच्या बाजूने हे बघा. वहीत तिच्या मॅडमला सगळं कळलेलं आहे, कौतुक आहे. दारात त्याच मॅडम काही न कळल्यासारख्या उभ्या आहेत. वाईट शेऱ्यापेक्षा हे कितीतरी जास्त क्रूर झालं असतं.

इथे मला माझ्या प्रश्नाचं टोक सापडलं. शेरा चांगला की वाईट, अचूक की चुकीचा, हा मुद्दा दुसरा आहे. पहिला मुद्दा असा की, मुलाचं लिखाण वाचल्यावर कुणाला तरी काहीतरी *कळायला* हवं, आणि ते कळलेलं माणूस उद्या सकाळी त्या वर्गात हजर असायला हवं. शेरा ही वाचल्याची पावती असते. मी पैसे न भरता पावती फाडत होते. पावतीवरचा मजकूर किती सुबक आहे, याने खात्यात काही जमा होत नाही.

*

हा प्रश्न आजचा नाही. एमआयटीमधले जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम जाहीर केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखे प्रश्न विचारायचा. प्रत्यक्षात तुमचीच वाक्यं थोडी फिरवून तुम्हाला परत द्यायचा. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम तयार होताना रोज पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला खासगी बोलायचं होतं.

वायझेनबाउम या प्रसंगाने हादरले. पुढे १९७६ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं. संगणकाला काय *जमेल* आणि संगणकाकडे काय *सोपवावं*, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असा त्यातला गाभ्याचा युक्तिवाद होता. एखादं काम यंत्राला जमलं, एवढ्यानेच ते त्याला द्यावं असं ठरत नाही.

एलायझाला फार काही जमत नव्हतं, म्हणून तेव्हा हे म्हणणं सोपं तरी होतं. आज यंत्राला ट्रक दिसतो, रिकामं घर दिसतं. ‘त्याला जमत नाही’ ही आपली ढाल आता उरलेली नाही. त्यामुळे ‘सोपवावं का’ हा प्रश्न आता आपल्याला उघड्या अंगाने घ्यावा लागेल.

मी माझ्यापुरती एक चाचणी ठरवली आहे. काही कामांचा उपयोग ते काम पूर्ण होण्यात असतो. अहवाल, वेळापत्रक, सहलीचं परिपत्रक. ते कुणी लिहिलं याने काही बिघडत नाही. ही कामं मी आता डोळे झाकून यंत्राला देते. म्हणजे देते डोळे झाकून, घेते मात्र वाचून. काही कामांचा उपयोग मात्र ते करणाऱ्यामध्ये काय बदलतं, यात असतो. व्यायाम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, तसं. मुलाचं लिखाण वाचणं हे दुसऱ्या प्रकारचं काम आहे. त्यातून बदलायचं असतं ते मी.

*

हीच चाचणी वर्गाच्या दुसऱ्या बाजूलाही लागू होते. तुमच्यापैकी अनेकांनी असाइनमेंट यंत्राकडून लिहून घेतली असेल. मी ओरडणार नाही. माझी मुलं त्याआधी गाईडमधून लिहीत होती, त्यांचे आईबाबाही गाईडमधून लिहीत होते. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ या विषयावर महाराष्ट्राला आणखी एका निबंधाची गरज नाही, कधीच नव्हती. गरज असते ती लिहिणाऱ्याला, लिहिताना होणाऱ्या झटापटीची. निबंध हा त्या झटापटीचा उरलेला भुसा आहे. भुसा बाजारातून आणला तर वही भरते, दळण मात्र झालेलं नसतं.

मग मुलांना पकडायचं का? काही शिक्षक एआयने लिहिलेलं ओळखणारी सॉफ्टवेअर वापरतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं होतं. अचूकता कमी असल्याचं सांगून जुलैमध्ये मागेही घेतलं. मला तो पोलिसी मार्गच पटत नाही. मी स्वतः दोन महिने लाल शाईत नक्कल करत होते. कुठल्या अधिकाराने मुलांचे खिसे तपासू?

शिवाय एक मोठा धोका त्या सॉफ्टवेअरला कधीच दिसणार नाही. माझ्या विद्यार्थिनीने दुसरा खर्डा *स्वतः* लिहिला होता, एकेक शब्द, पेनाने. तरी तो तिचा नव्हता. हे यंत्र आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, याच्या हिशेबावर मजकूर पुढे नेतं. दिवाळी म्हटलं की करंजी, आकाशकंदील, प्रकाशाचा सण. ट्रक येण्याची शक्यता फार कमी. गाईडचंही तसंच असतं, आणि खरं तर थकलेल्या शिक्षिकेच्या डोक्याचंही. तिघांनी मिळून तिला सांगितलं: तुझी दिवाळी विषयाला धरून नाही.

अशा वेळी मला मुक्ता साळवे आठवते. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या धर्मात आपल्याला ग्रंथ वाचायचाही अधिकार नाही त्या धर्माशी आपलं नातं काय, असं ती विचारते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती मांडते. त्या काळी लिहिलं जाण्याची शक्यता सगळ्यात कमी असलेला मजकूर एका शाळकरी मुलीने लिहिला.

मी विचार करते, तिच्या वहीवर कुणी ‘विषयाला धरून लिही, आनंद अधिक खुलव’ असा शेरा दिला असता तर? तो दिला गेला नाही, कारण समोर बसलेली मुलगी कोण आहे, कुठून येते, हे ठाऊक असलेल्या माणसांनी ती शाळा काढली होती.

*

आता प्रशिक्षणात विचारतात तो प्रश्न: मग वापरायचं कसं? मी गेलं वर्षभर जे करतेय ते सांगते. हे नियम नाहीत, माझी सध्याची वहिवाट आहे.

पहिलं, मुलांच्या हाती मी चॅटबॉट देत नाही. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत वर्गात अशी साधनं स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलं आहे, आणि माझी सातवीची मुलं बारा-तेराची आहेत. मी माझ्या फोनवर वापरते आणि वर्गातल्या पडद्यावर दाखवते. मुलांची नावं, पत्ते, चेहरे त्यात टाकत नाही. आधी वह्यांचे फोटो सरळ टाकत होते, वरच्या नावासकट. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, असं तत्त्व आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एका मुलीच्या घरातली गोष्ट मी तिला न विचारता कुठल्यातरी सर्व्हरवर पाठवली होती, हे उरतंच.

दुसरं, माझ्या वर्गात काही मुलं सातवीचं वाचतात, काही अजून तिसरीच्या पातळीवर अडखळतात. एकच उतारा तीन पातळ्यांवर लिहून घ्यायला यंत्र फार उपयोगी पडतं. पूर्वी यात माझा रविवार जायचा. मराठी मात्र सुधारावी लागते. वाक्यं मधूनच हिंदीच्या वळणावर जातात.

तिसरं, यंत्राला चुकू देते. वर्गात तांड्यावरची तीन मुलं आहेत, घरी गोरमाटी बोलणारी. पाठातल्या शब्दांना गोरमाटी प्रतिशब्द मी यंत्राला पडद्यावरच विचारले. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने यादी दिली. तिघं खो-खो हसत सुटली. एकाने ती यादी घरी नेली, आजोबांकडून दुरुस्त करून आणली आणि फळ्यावर लिहिली. एरवी शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी परीक्षक होता.

चौथं, मला सगळ्यात आवडणारा तास. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध यंत्राकडून लिहून घेतला आणि मुलांना सांगितलं, जे वाक्य कुणीही लिहू शकेल ते खोडा. सगळा निबंध खोडला गेला. मग म्हटलं, आता प्रत्येकाने फक्त स्वतःलाच लिहिता येईल असं एक वाक्य लिहा. एकाने लिहिलं, “पाऊस आला की आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बादली असते.” दुसरा म्हणाला, “मॅडम, हे त्याला सांगितलं तर ते पण लिहील.” मी म्हटलं, लिहील की. पण बादली आधी कुणी बघितली?

पाचवं, वह्या. विज्ञानाच्या सरांचं म्हणणं मी अर्धं मान्य केलं. १६४ वह्या दर महिन्याला मनापासून वाचणं मला जमत नाही. म्हणून आठवड्याला दहा-दहा, आलटून पालटून, पूर्ण वाचते. पूर्ण म्हणजे मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून. साधारण चार महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते. बाकी वह्यांची शुद्धलेखन तपासणी यंत्राच्या मदतीने होते, पण नाव झाकून आणि पेन्सिलीने. पेन्सिलीतलं यंत्राचं, लाल शाईतलं माझं. हे मुलांना माहीत आहे. पेन्सिलीतलं पटलं नाही तर खोडायची त्यांना मुभा आहे. त्यातले दोघं-तिघं वाद घालायलाही येतात.

हिशेबाचा एक मुद्दा राहिला. अहवाल यंत्राने लिहिल्यामुळे वाचलेला वेळ आपोआप वह्यांकडे जात नाही. तो पुढच्या अहवालाकडे जातो. काम लवकर होतं म्हटल्यावर आणखी काम येतं, किंवा मीच रील्स बघत बसते. वाचलेला वेळ कुठे जाणार, हे आधी ठरवून त्यावर राखण करावी लागते. ती राखण कुठलंही ॲप करत नाही. आणि वर्गात साठ मुलं बसवणाऱ्या व्यवस्थेचा प्रश्न ॲपने सुटला, असं कुणी म्हणायला लागलं तर शिक्षकांनी तिथे गप्प बसू नये.

*

त्या मुलीला मी सगळं सांगितलं. तो शेरा माझा नव्हता, मोबाइलमधला होता, मी फक्त उतरवला.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग तुमी वाचलंच नव्हतं?”

“नाही.”

“आमी पण गाईडातून लिवतो की,” ती म्हणाली. मला सांभाळून घेत होती की बरोबरीला आणत होती, कळलं नाही. मग वही उचलून तिने विचारलं, “मग आता कोणता धरायचा? आधीचा का नंतरचा?”

“आधीचा.”

“त्यात संदेश नाही.”

“नसू दे.”

तिने दुसऱ्या खर्ड्यावर पट्टी ठेवून तिरकी रेघ मारली. मी पहिल्याखालचा माझा शेरा खोडला आणि पुन्हा वाचायला बसले. तिच्यासमोरच, प्रत्येक वाक्य. शेळीचं नाव काय, हे विचारलं. शेरा असा काही सुचला नाही. तारीख टाकून ‘वाचलं’ एवढंच लिहिलं.

आता ती आठवीत आहे. यंदाही दिवाळीनंतर ट्रक आला. तो कधी येणार ते या वेळी मला आधीपासून माहीत होतं. तिचा पहिला तास गणिताचा असतो. ती साडेसातपर्यंत येईल, असं मी गणिताच्या सरांना सांगून ठेवलंय.